भाव नसलेला बाजार

मध्ययुगीन गाव वसवण्याच्या संगणकीय खेळांमध्ये वाडे असतात, तटबंदी असते, निशाणाखाली भाले रोवून उभी असलेली पथकेही असतात. तथापि गाव तगणार की ओस पडणार, याचा निकाल चार पाले मांडलेल्या एखाद्या मोकळ्या चौकात लागत असतो. २६ एप्रिल २०२४ रोजी ‘अर्ली ॲक्सेस’ पद्धतीने, म्हणजे पुरा होण्यापूर्वीच विक्रीस आणून पुढे टप्प्याटप्प्याने घडवत नेण्याच्या पद्धतीने, प्रसिद्ध झालेल्या ‘मॅनर लॉर्ड्स’ या खेळात हे विशेष स्पष्ट दिसते. ग्रेग स्तिचेन या पोलिश निर्मात्याने बव्हंशी एकट्याने उभारलेल्या या खेळाची पार्श्वभूमी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रँकोनियाची, म्हणजे मुख्यत्वे आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागाची आहे, आणि त्यातील चिखल, गवती छपरे व कलत्या उन्हाची तिरीप इतक्या निगुतीने रंगवलेली आहे की, कारभार बाजूला ठेवून नुसते पाहत बसण्याचा मोह खेळणाऱ्याला वारंवार होतो.

आरंभी गावात घर असे नसते. पाच कुटुंबे तंबूत राहत असतात, ओंडके ओढायला एकच बैल असतो, आणि उघड्यावर रचलेला शिधा पावसाने नासण्याच्या आत त्यावर छप्पर घालावे लागते. त्यानंतर ‘बर्गेज’ आखले जातात. बर्गेज म्हणजे ठरावीक खंड भरून धारण करावयाचा नगरातील भूखंड, ज्याचे तोंड रस्त्याकडे अरुंद आणि मागचे परस लांबट असे. (ही संज्ञा इंग्लंडच्या नगरांतली आणि भूमी जर्मन, ही सरमिसळ निर्मात्याला खटकलेली दिसत नाही.) या घरांच्या मध्ये बाजाराची जागा नुसती रेषांनी निश्चित करायची असते; पाले तेथे आपोआप उभी राहतात, कारण धान्याचे कोठार सांभाळणारी कुटुंबे अन्नाची आणि वखार सांभाळणारी कुटुंबे सरपणाची व कपड्यांची दुकाने स्वतःच मांडतात. प्रत्येक घराला चूल पेटती ठेवण्यापुरते जळण आणि खायला काहीतरी लागते. घराची पायरी वाढली की गरजाही वाढतात, एका प्रकारच्या अन्नावर भागत नाही, अंगावर कातडे किंवा कापड हवे होते, पुढे मद्यशाळेत एल नावाची बिअरही हवी होते.

येथून कारभाऱ्याचे खरे कसब सुरू होते, आणि ते खरेदीविक्रीचे नसून अंतराचे आहे. बाजारापाशी असलेल्या घरांना माल आधी पोहोचतो आणि उरलासुरला माल कडेच्या घरांना मिळतो, त्यामुळे टंचाई आली की ती गावाच्या टोकाकडून आत सरकत येते. कोठार बाजारापासून लांब पडले, तर पाल मांडणाऱ्या कुटुंबाचा दिवस वाटेतच संपतो. वखार जंगलाच्या कडेला ठेवली, तर लाकूडतोड्याची खेप वाचते पण दुकानदाराची वाढते. म्हणजे कोठारात धान्य भरलेले असूनही एखादे घर उपाशी राहू शकते, आणि हा दोष शेताचा, पावसाचा किंवा राजाच्या कराचा नसून एका चुकीच्या जागी आखलेल्या रस्त्याचा असतो. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्यांना हे तत्त्व परिचित आहे. खेळाचे श्रेय असे की, तो ते एकही व्याख्यान न देता शिकवतो. हिवाळ्यात हे शिक्षण कठोर होते, कारण बेरीसारखी रानफळे त्या ऋतूत मिळत नाहीत आणि जळण दुप्पट लागते. गव्हाचीही तीच कथा आहे; कापणी, मळणी, पवनचक्की आणि सामाईक भट्टी एवढे टप्पे ओलांडल्यावरच पाव पालावर येतो, आणि यांतील एका ठिकाणी माणूस कमी पडला तर पिकलेल्या शेताच्या बांधावरच उपासमार सुरू होते.

मात्र या बाजारात भाव नाही. लूक होडोरोविझ या एकाच निर्मात्याने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बॅनिश्ड’ या पूर्वसूरीने या बाबतीत आडपडदा ठेवला नव्हता. त्या खेळात पैसाच नाही, बाजार हे केवळ वाटपाचे केंद्र आहे आणि बाहेरच्या व्यापाऱ्याशी वस्तूच्या बदल्यात वस्तू असा व्यवहार होतो. ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये पैसा आहे, पण तो व्यापारी ठाण्यावर, म्हणजे प्रदेशाच्या सीमेपलीकडील व्यवहारात; गावच्या चौकात मात्र कोणी कोणाला काही मोजून देत नाही, घासाघीस करत नाही, पारडे उचलून पाहत नाही. खेळणाऱ्याला गावाचा स्वामी बनून स्वतः गल्ल्यांतून हिंडण्याची सोय आहे, पण पालापुढे उभे राहून भाव विचारण्याची नाही. जिवंत दिसणारा हा चौक व्यवहाराने एखाद्या शिस्तशीर रेशनच्या दुकानासारखा आहे.

प्रत्यक्ष मध्ययुगात बाजार भरवणे हा हक्क होता आणि तो मागून घ्यावा लागे. तिसऱ्या ऑटो सम्राटाने ९९९ मध्ये काउंट बेर्टोल्ड याला फिलिंगेन येथे बाजार भरवण्याची सनद दिली, ती या प्रथेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथाने असे मत नोंदवले की, जुन्या बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत नवा बाजार भरल्यास तो उपद्रव ठरू शकतो. कारण माणसाची दिवसाची चाल वीस मैल धरली, तर तिचा एक हिस्सा जाण्यासाठी, एक देवघेवीसाठी आणि एक उजेडी घरी परतण्यासाठी असावा. खेळाने अंतर ओळखले, पण अंतरामागचा हा कायदा ओळखला नाही. त्याच शतकातील इंग्रजी पाव-नियमांनुसार पावाची किंमत स्थिर राहून धान्याच्या भावाप्रमाणे त्याचे वजन बदलत असे, आणि वजनात मारणाऱ्या भटाऱ्याला दंड होई किंवा भर चौकात खोड्यात उभे केले जाई. जत्रांमध्ये फिरत्या व्यापाऱ्यांच्या तंट्यांसाठी ‘पायपावडर’ न्यायालये बसत. पायांवर वाटेची धूळ असलेल्यांना तिथल्या तिथे न्याय मिळावा, हा त्यांचा हेतू होता. भांडण हा बाजारातील बिघाड नव्हता. बाजार ज्यांच्यावर चाले ते नियम भांडणांतूनच घडले होते.

फ्रँकोनियाचे नाव घेतल्यावर न्यूर्नबर्ग टाळता येत नाही. त्या नगराचा मुख्य चौक, हाउप्टमार्क्ट, ज्या जागेवर आहे तेथे पूर्वी यहुद्यांची वस्ती होती. नोव्हेंबर १३४९ मध्ये राजा चौथा कार्ल याने ती घरे पाडून बाजारासाठी मोकळी जागा करण्यास अनुमती दिली आणि ५ डिसेंबर रोजी झालेल्या हत्याकांडात किमान ५६२ यहुदी मारले गेले. सिनेगॉगच्या जागी मेरीचे चर्च उभे राहिले. खेळात चौकाच्या रेषा नेहमी रिकाम्या गवतावर ओढल्या जातात, आणि खेळाच्या काळापूर्वी काही दशकेच घडलेल्या या घटनेची सावलीही त्या गवतावर पडत नाही.

मनोरंजनासाठी केलेल्या खेळाने इतका इतिहास वाहावा, असा हट्ट धरणे अन्यायाचे होईल. अंतर आणि ऋतू यांचे त्याने केलेले चित्रण अनेक पाठ्यपुस्तकांहून सरस आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु टप्प्याटप्प्याने घडणाऱ्या खेळाकडे मागणी करण्यास वाव असतो, आणि त्याच्या पुढील आवृत्तींत निदान पावाला भाव, तराजूला तपासनीस आणि चौकाला सनद मिळावी, ही मागणी रास्त आहे.