वाजवी खर्च

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, विषयाचे बंधन नाही, असे संपादक मंडळाने कळविले. अशा अंकात माजी विद्यार्थ्याने आपल्या जडणघडणीविषयी आणि गुरुजनांच्या ऋणाविषयी लिहावे, अशी रीत आहे आणि ती योग्यच आहे. तरीही मी एका गावठी कुत्रीच्या आजारपणाविषयी लिहीत आहे. त्या दिवसांत आमच्या घरात जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज ना उद्या उभा राहणार आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीला तो पडला नाही. कारण निवड करण्याइतका पैसाच त्यांच्या हाती कधी नव्हता.

झिपरी आमच्याकडे आली ती 2014 च्या पावसाळ्यात. नागपूरच्या आमच्या वस्तीत नालीच्या कडेला कुडकुडणारे ते पिल्लू माझ्या मुलीने फ्रॉकच्या ओच्यात घालून घरी आणले. कुत्रे पाळणे ही बंगलेवाल्यांची हौस, असे शेजारी म्हणत. आपल्या अनेक घरांत फेब्रुवारी 1934 मधले राजगृहातील एक छायाचित्र लावलेले असते. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव आणि घरातील इतर मंडळींसोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. ते छायाचित्र आमच्याही भिंतीवर होते. त्यामुळे हौस कोणाची, हा वाद आम्ही कधी घातला नाही.

2019 च्या जूनमध्ये झिपरीने अन्न सोडले. अंग तापले, हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोटाच्या कातडीवर जांभळे ठिपके उमटले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा घोळणा फुटला आणि अंगणातली फरशी लाल झाली. खासगी दवाखान्यातील डॉक्टरांनी रक्त तपासले. निरोगी कुत्र्याच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्लेटलेट असतात. झिपरीच्या अठरा हजार होत्या. तांबड्या पेशींचे प्रमाण, जे 37 टक्क्यांच्या वर असावे, ते 14 वर आले होते. गोचिडांमधून पसरणारा एर्लिकिया नावाचा जंतू तिच्या रक्तात शिरला होता. तिला भरती करणे, रक्त चढविणे, सलाइन, सोनोग्राफी, पुन्हापुन्हा चाचण्या, असा सारा अंदाज चाळीस हजारांपर्यंत गेला.

मी विनाअनुदानित शाळेत शिक्षक. बँकेत अठ्ठेचाळीस हजार रुपये होते आणि ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखलेले होते. फी भरायला महिनाही उरला नव्हता. घरी येऊन मी आकडा सांगितला, तेव्हा मुलीने मान खाली घातली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "माही पयली पोरगी गेली तवा डाक्टरले द्याले पाच रुपये नव्हते घरात."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. 1974 च्या पावसाळ्यात माझ्या जन्माआधीची माझी बहीण तापाने गेली, एवढेच आम्हाला ठाऊक होते. आईच्या बोलण्यात राग नव्हता. ज्या घरातले मूल औषधावाचून गेले, त्या घरात कुत्रीच्या औषधाचा हिशेब मांडला जात होता. तो हिशेब तिच्यासमोर मांडताना मला शब्द जड झाले. मुक्या जीवावर दया करावी, हे शिकविणे सोपे आहे. पण दया करण्याची ऐपत येते, तेव्हा जी माणसे त्या ऐपतीवाचून गेली, त्यांची आठवणही सोबत येते.

रात्री जेवणे झाल्यावर आईच बोलली. "पोरीच्या फीले हात लावू नोको. बाकी जे हाय ते लाव." बाकी होते ते पंधरा हजार, दिवाळीसाठी आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले. मर्यादा ठरली. ती सर्वांदेखत ठरली, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण त्यामुळे पुढे कोणाच्या मनात किंतु राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, "माझ्यापाशी पंधरा हजार आहेत. एवढ्यात काय होऊ शकेल?" हे विचारताना मला जो संकोच वाटत होता, तो त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच उमटला नाही. त्यांनी कागद पुढे ओढला आणि ज्या चाचणीच्या निकालाने उपचार बदलणार नव्हता, ती प्रत्येक चाचणी खोडली. सोनोग्राफी गेली. भरती करण्याऐवजी रोज ने-आण ठरली. रक्त चढविणे मात्र टाळता येणार नव्हते. त्यासाठी त्यांनी सेमिनरी हिल्स भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात जाण्यास सुचविले. 1958 पासून नागपुरात असलेल्या या महाविद्यालयात खासगी दवाखान्यापेक्षा कमी शुल्कात उपचार होतात, हे शहरातल्या अनेकांना ठाऊक नसते.

रक्त देणारा कुत्रा हवा होता; निरोगी, लसीकरण झालेला, पंचवीस किलोंहून अधिक वजनाचा. वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर पाच वर्षे झोपलेला माझा सोबती वर्ध्याला असतो. त्याच्याकडे बत्तीस किलोंचा लॅब्राडोर होता. मी फोन केला आणि दुपारपर्यंत तो कुत्र्यासह दारात उभा राहिला. पेट्रोलचे पैसे त्याने घेतले नाहीत. माणसांप्रमाणे कुत्र्यांच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्ये सहसा जन्मजात नसतात. त्यामुळे पहिल्या वेळी रक्त बहुधा निर्धोक चढते. तरीही डॉक्टरांनी दोघांचे रक्त जुळवून पाहिले. लॅब्राडोरच्या मानेच्या शिरेतून घेतलेले रक्त झिपरीच्या पायातून थेंबथेंब जात होते आणि माझा सोबती दोन्ही कुत्र्यांच्या मधोमध फरशीवर बसून होता.

पुढे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, अठ्ठावीस दिवस. दुधातून दिल्यास हे औषध अंगी नीट लागत नाही, म्हणून दूध वर्ज्य. ज्वारीच्या भाकरीचा मऊ घास करून त्यात गोळी दडविण्याचे काम आईने आपणहून घेतले. एका रात्री झिपरीला घास भरवताना ती माझ्या त्या बहिणीविषयी बोलू लागली. तिचे नाव काय होते, ती कशी हसत असे, हे आम्हा भावंडांना पंचेचाळीस वर्षांनी प्रथम कळले. या काळात मुलीने भिंतींच्या भेगा सिमेंटने बुजविल्या. कारण गोचिडाची मादी रक्त पिऊन कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि अशाच फटींत हजारो अंडी घालते. दहाव्या दिवशी झिपरीच्या प्लेटलेट लाखाच्या वर गेल्या. एकूण खर्च चौदा हजार सहाशे झाला. फी वेळेवर भरली.

2021 च्या जानेवारीत आजार पुन्हा उलटला. या वेळी अस्थिमज्जेनेच पेशी तयार करणे थांबविले होते. रक्त चढविले तर काही दिवस मिळतील, त्यापलीकडे आशा नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्या वेळी आमच्यापाशी पैसे होते. आम्ही ते खर्च केले नाहीत. वेदना कमी करणारे औषध घेऊन झिपरीला घरी आणले. ती आणखी नऊ दिवस जगली आणि आईच्या पायाशी गेली.

ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करावेत, असे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. वाजवी म्हणजे किती, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. ते प्रत्येक घराने आपल्या मिळकतीकडे, आपल्या लेकरांकडे आणि त्या जीवाच्या वेदनेकडे पाहून ठरवायचे असते. पहिल्या वेळी आम्ही पैशाची मर्यादा पाळली, दुसऱ्या वेळी वेदनेची. खर्चाचा विचार करणारा निष्ठुर असतो आणि न करणारा मायाळू, असे मला वाटत नाही.

आपल्या घरी मुके जनावर असेल, तर महिन्याला शे-दोनशे रुपये त्याच्या नावाने बाजूला ठेवावेत. डॉक्टरांना आपली ऐपत पहिल्याच दिवशी सांगावी. कोणत्या तपासणीने उपचार बदलेल आणि या उपचाराने त्या जीवाला किती दिवस व कसे मिळतील, हे विचारण्यात लाज नाही. आणि घरातील थोरांना त्या निर्णयात सामील करावे. नसणे म्हणजे काय, ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?