तिलिस्म आणि महाश्मशान

हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ पत्र १८९० साली पुण्यात सुरू झाले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधली यमुना त्याच्या पानांतून मराठी घरांत शिरली. तिच्या केशवपनाची हकिगत वाचून आपल्या कितीतरी पणज्यांनी डोळ्यांना पदर लावला असेल. त्याच्या एकदोन वर्षेच आधी, १८८८ च्या सुमारास, काशीमध्ये देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध झाली. तीतली राजकन्या एका तिलिस्मात, म्हणजे जादूच्या बंदिशाळेत, अडकलेली होती; आणि ती सुटते की नाही या चिंतेने उत्तर हिंदुस्थानातील वाचकांची झोप उडाली. ही कादंबरी वाचता यावी एवढ्यासाठी उर्दू जाणणारे अनेक लोक नागरी अक्षरे शिकले, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार रामचंद्र शुक्ल यांनीच नमूद केले आहे. मात्र खत्रींच्या या कादंबऱ्यांना साहित्य म्हणावयास तेही फारसे राजी नव्हते.

आपणही राजी नसतो. मराठीत ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुत कादंबऱ्या होऊन गेल्या; पण हरिभाऊंनी वास्तवाचा दिवा लावल्यानंतर त्या कपाटाच्या मागल्या फळीवर गेल्या, त्या तिथेच राहिल्या. माझ्या पिढीला चंद्रकांता माहीत आहे ती १९९४ साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेमुळे. आणि त्यातही आठवतो तो भुवया फेंदारून ‘यक्कू!’ म्हणणारा क्रूरसिंग. मूळ पुस्तक वाचण्याचा योग मला तिशी उलटल्यावर आला, आणि तो आला बनारसच्या संकठा घाटावर.

कचेरीच्या कामासाठी तेथे पंधरा दिवस राहावयाचे होते. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबाने माडीवरची खोली दिली. या टापूत मराठी माणसाला परके वाटत नाही. एका बाजूला शिंद्यांचा घाट, दुसऱ्या बाजूला थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा. मध्ये संकठा देवीचे देऊळ, जिथे संकट निवारावे म्हणून शुक्रवारी बायकांची रीघ लागते. याच घाटावर यमेश्वर आणि यमादित्य यांचीही स्थाने आहेत. संकट हरणारी देवी आणि साक्षात यम शेजारी शेजारी नांदतात. शिंद्यांचा घाट ओलांडला, त्याचे ते पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ मागे टाकले, की मणिकर्णिका. वारा दक्षिणेचा असला म्हणजे चितेचा वास माडीपर्यंत येई.

घरमालक आबांनी पहिल्याच संध्याकाळी आपल्या संग्रहातून ‘चंद्रकांता’ काढून दिली. “वाच,” ते म्हणाले, “पण रात्री सुरू करू नकोस. सकाळी कचेरीला जायचे आहे ना?” मी ती रात्रीच सुरू केली.

कथा तशी साधी आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे प्रेम. मध्ये दिवाणाचा मुलगा क्रूरसिंग आणि चुनारचा राजा शिवदत्त यांचे अडथळे. परंतु पुस्तकाचा जीव नायकनायिकेत नाही, ऐयारांत आहे. ऐयार म्हणजे हेर, वैद्य, बहुरूपी आणि मल्ल यांचे मिश्रण. कमरेला बटवा, त्यात बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा आणि चेहरा बदलण्याचे रंग. तेजसिंह घडीत एक होतो, घडीत दुसराच. चंद्रकांतेची सखी चपला हीदेखील ऐयार आहे आणि ती पुरुषांना तोडीस तोड आहे. पन्नासएक पाने झाल्यावर वाचकाला सवय जडते: कोणी सुंदर स्त्री समोर आली की आधी तिच्या चेहऱ्याचा रंग पक्का आहे की धुतला जाणारा, हे पाहावयाचे.

मला सर्वांत जास्त गुंतवले ते तिलिस्माने. एका पडक्या वास्तूत दगडी बगळा उभा आहे. जवळ जाणाऱ्याला तो चोच उघडून गिळून टाकतो. चपला त्याच्या पोटात जाते, मागोमाग चंद्रकांताही. लखनौच्या ‘तिलिस्मे होशरुबा’ सारख्या दास्तानांत अशा वेळी जिन्न असतो, जादूगार असतो. खत्रींकडे ते नाहीत. त्यांचा बगळा शेवटी कळसूत्री ठरतो. पायाखालची फळी दाबली गेली की यंत्र फिरते. तिलिस्म कोण बांधतो याचाही खुलासा पुस्तकात आहे: ज्याच्यापाशी अमाप धन आहे आणि वारस नाही, तो राजा ज्योतिषी, कारागीर आणि गुणीजन जमवून तो बांधवून घेतो आणि पुढे वंशात जन्मणाऱ्या कुणा एकाच्या नावाने तो ठेवतो. खत्रींनी काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. त्या रानातले पडके किल्ले आणि गुहा त्यांनी पायाखाली घातल्या होत्या. म्हणूनच बहुधा त्यांना ठाऊक होते की कितीही भयाण वास्तू असली तरी ती कुणीतरी, मजुरी देऊन, दगडावर दगड ठेवून बांधवलेली असते.

मी निम्म्या पुस्तकात होतो, तोच चैत्र शुद्ध सप्तमी आली.

त्या रात्री मणिकर्णिकेवर महाश्मशाननाथाच्या शृंगारोत्सवाची सांगता होते आणि ती होते नगरवधूंच्या नृत्याने. जळत्या चितांच्या शेजारी मांडव घालून रात्रभर बायका नाचतात. सांगतात ते असे, की अंबरच्या राजा मानसिंहाने हे देऊळ दुरुस्त करविले तेव्हा संगीताच्या सेवेसाठी कलावंतांना बोलावणे धाडले. स्मशानात गावयास एकही नामांकित कलावंत तयार होईना. तेव्हा नगरवधू पुढे आल्या. देवापुढे नाचून त्या मागणे मागतात, पुढल्या जन्मी हे जिणे नको, असेही सांगतात.

आबा म्हणाले, “आमच्या घरातून कुणी जात नाही. तू जाणार असशील तर जा, पण काकूंच्या कानावर घालू नकोस.” काकूंच्या कानावर ते आधीच गेले होते. त्यांनी पंचा आणि बादली खालच्या अंगणात काढून ठेवली आणि बजावले, “परत आलास की आधी इथे आंघोळ. प्रेताला जा नाहीतर तमाशाला जा, स्मशानातून आलेल्याला आंघोळ एकच.”

अकराच्या सुमारास मी पोहोचलो. आधी देवाची गाणी झाली. मग ध्वनिक्षेपकातून सिनेमाची गाणी सुरू झाली आणि पायऱ्यांवरची गर्दी दाटली. एक बाई नाचून गेली की दुसरी येई. जरीचे घागरे, जाड प्रसाधन, दिव्यांचा प्रखर झोत. पुढल्या रांगेतून नोटा उडत, शिट्ट्या येत, शेकडो हात मोबाइल उंचावून चित्रण करीत. डाव्या अंगाला डोमांची माणसे बांबूने लाकडे सारखी करीत होती. त्यांनी एकदाही मान वर केल्याचे मला दिसले नाही. पण एका प्रेतयात्रेतले चारसहा जण आपल्या चितेकडे पाठ करून मांडवाकडे पाहू लागले, तेव्हा पोटात कसेसे झाले. मीही पाहतच होतो. नृत्यात स्मशानवैराग्य नव्हते आणि उघडेवाघडे असेही काही नव्हते. पण समोरच्या नजरांना जे हवे होते ते त्या नाचातून त्यांना मोजूनमापून मिळत होते, हेही स्पष्ट होते.

रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने १९५७ साली पॅरिसमधल्या वस्त्रे उतरवण्याच्या खेळांवर लिहिताना एक मार्मिक निरीक्षण केले होते. पिसे, हातमोजे, दिवे, ठरलेल्या हालचाली यांमुळे ती स्त्री उघडी होण्याऐवजी अधिकच झाकली जाते, असा त्याचा आशय. ज्या पॅरिसला आपण अशा करमणुकीची राजधानी समजतो तेथले ‘मूलाँ रूज’ १८८९ मध्ये उघडले, म्हणजे ते ‘चंद्रकांते’च्याच वयाचे. मणिकर्णिकेवर मला वाटले की बार्तला जे सांगावयाचे होते ते खत्रींच्या वाचकाला आधीच कळलेले असते: समोर दिसतो तो चेहरा ऐयाराचा आहे. पुढल्या रांगेतले पुरुष मात्र आपण सर्व काही पाहिले अशा समाधानात होते.

दोनच्या सुमारास गर्दी थोडी पातळ झाली. नाच संपवून आलेली एक बाई पायरीवर बसून चहा पीत होती. घुंगरू सोडून मांडीवर घेतले होते. वय तिशीच्या पुढचे असावे. एका बातमीदाराने तिला विचारले, “बाबांकडे काय मागितलेत?” तिने पाठ केल्यासारखे उत्तर दिले, की पुढल्या जन्मी असले जिणे देऊ नकोस. तो लिहून घेऊन निघून गेला. मी जवळच होतो. मी विचारले, “दीदी, हेच मागितलेत?” तिने माझ्याकडे पाहिले, हसली आणि म्हणाली, “भैया, ते पेपरवाल्यांसाठी. मी गुडघा मागितला. अजून दोन लग्नसराया निघाल्या पाहिजेत.” यातले खरे उत्तर कोणते हे मला सांगता येणार नाही. कदाचित दुसरे उत्तर माझ्यासारख्या माणसासाठी राखून ठेवलेले असेल. पण त्या गुडघ्याने मला रात्रभर सोडले नाही.

खालच्या अंगणात गार पाण्याने आंघोळ करून मी माडीवर गेलो आणि उरलेले पुस्तक उघडले. आता ते मला निराळे दिसू लागले.

याच काशीत होळीनंतर बुढवा मंगलचा मेळा भरे. सजविलेल्या बजऱ्यांवर गंगेच्या पात्रात रात्रभर तवायफांचे गाणे चाले, आणि ऐकायला रईस, महंत, पंडित सारे असत. विद्याधरी, हुस्नाबाई, रसूलनबाई, सिद्धेश्वरीदेवी यांच्या कंठांतून बनारसची ठुमरी घडली. असहकारितेच्या काळात हुस्नाबाईंच्या अध्यक्षतेखाली येथील तवायफांनी सभा स्थापून स्वदेशीचा पुरस्कारही केला. म्हणजे गुण होते, अभिमान होता, देशाची चाड होती. पण त्यांची वस्ती दालमंडीत, आणि ऐकणाऱ्यांची घरे दुसरीकडे.

प्रेमचंदांच्या ‘सेवासदन’ मधली (१९१९) सुमन याच शहरातली. अल्प पगाराच्या नोकरदाराची ती बायको. एका रात्री वकीलसाहेबांच्या घरच्या मुजऱ्यामुळे तिला परतायला उशीर होतो आणि नवरा तिला घराबाहेर काढतो. मुजरा ठेवणारे वकीलसाहेब मात्र आपल्या घरातच राहतात! पुढे नगरपालिकेत वाद होतो तो तवायफांना शहराबाहेर कोठे हलवावे याचा. ऐकणाऱ्यांना कोठे हलवावे असा ठराव कुणी मांडत नाही.

आपल्या मुंबईतही निराळे घडले नाही. २००५ साली राज्य सरकारने बारमधील नाच बंद केले, आणि तारांकित हॉटेलांना त्यातून सूट दिली. जो नाच स्वस्त ठिकाणी अनीतिमान, तोच महाग ठिकाणी संस्कृती! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा भेद अमान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्यातल्या अनेक अटी २०१९ मध्ये रद्द झाल्या. नोटा उधळण्यावरची बंदी राहिली, बक्षिशी द्यायला मोकळीक मिळाली. या चौदा वर्षांत बायकांच्या हातचे काम गेले, त्यांची घरे कशी चालली हा प्रश्न कायद्याच्या कलमांत कोठेच नव्हता.

हे सारे पाहिले की वाटते, आपण ज्याला प्रारब्ध म्हणतो तो तिलिस्मच आहे. त्यातही धन आहे, ज्योतिषी आहेत, कारागीर आहेत. पायाखालची फळी आहे आणि गिळणारा बगळा आहे. फरक एवढाच, की खत्री त्याचे यंत्र उघडून दाखवतात आणि आपण त्याला परंपरा म्हणून हात जोडतो. अद्भुत कादंबरी माणसाला वास्तवापासून दूर नेते हा आक्षेप मी शाळेपासून ऐकत आलो. त्या रात्री मला उलट अनुभव आला. ‘चंद्रकांते’त कोणीही अडकलेल्याला पुढल्या जन्माचा वायदा करीत नाही. तिथे कैद याच जन्मी होते आणि सुटकाही याच जन्मी व्हावी लागते, नाहीतर वाचक पुस्तक भिरकावून देईल. स्मशानातल्या त्या मांडवात मात्र आम्ही सुशिक्षित माणसे हे मागणे हृदयस्पर्शी म्हणून ऐकत होतो. सुटकेची तारीख एक जन्म पुढे ढकलली म्हणजे आजच्या रात्रीचा हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही, ही सोय त्यात आहे.

तिलिस्म एका राजपुत्राच्या नावाने बांधलेला असतो, ही मात्र कादंबरीतली सोय. हा तिलिस्म कुणा एकट्याच्या नावाने बांधलेला नाही, म्हणून तो फोडायला कोणी वीरेंद्रसिंह येणार नाही. त्याच्या बांधकामात राजांचा पैसा आहे, वकीलसाहेबांची बैठक आहे, नगरपालिकेचे ठराव आहेत, आणि पायरीवर उभे राहून पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर आहे. पण ज्या वास्तूला इतके हात लागले तिचे दगड हातांनीच सुटे होऊ शकतात, एवढे तरी खत्रींकडून शिकता येते. कामाचा दाम चोख असावा, दुखण्यात औषध मिळावे, मुलाच्या शाळेत आईचा धंदा विचारला जाऊ नये: हे दगड फार मोठे नाहीत.

आबांनी पुस्तक परत घेताना विचारले, “कसे वाटले?” मी म्हणालो, “आबा, राजकन्येपेक्षा चपला आवडली.” ते म्हणाले, “सगळ्यांना तीच आवडते. तिला कुणी सोडवायला येईल म्हणून ती थांबत नाही.” मग फळीवर पुस्तक ठेवीत त्यांनी हळूच विचारले, “आणि तिकडे? नाच चांगला झाला?”

मी सांगितले, “एका बाईचा गुडघा दुखत होता.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तकावरची धूळ उपरण्याने पुसली.