सासरच्या गावची शाळा

मात्सुयामा, २४ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. सिॲटलहून तोक्यो, तिथून शिनकान्सेनने ओकायामा, तिथे गाडी बदलून सेतोच्या समुद्रावरचा पूल ओलांडला की शिकोकू बेट. पूल १९८८ सालचा. त्याआधी रेल्वेने येणाऱ्याला किनाऱ्यावर उतरून बोटीत बसावं लागायचं. हिरोशी दर वेळी पुलावर हे मुलांना जपानीत सांगतो आणि मुलं दर वेळी खाली पाण्याकडे बघत ‘माहितीय आम्हाला’ म्हणतात, इंग्रजीत. आमच्या घरात तीन भाषा बोलल्या जातात असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे दोन बोलल्या जातात आणि उत्तरं तिसरीत येतात.

सासूबाई स्टेशनवर आल्या होत्या. मुलांना बघून त्यांचे डोळे भरून आले, पण जवळ घेणं, पापे घेणं हे इकडे नाही. त्यांनी केनच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, एवढंच. केन बापाच्या पाठीमागे लपला. दर रविवारी व्हिडिओवर ज्या आजीला तो हात हलवून दाखवतो, तिच्याशी बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं. ट्रॅममध्ये सासूबाईंनी त्याला एकामागून एक प्रश्न विचारले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग नाइलाजाने त्याने एका शब्दात उत्तर दिलं. सासूबाईंना ‘थँक्यू’ आणि ‘ओके’ सोडून इंग्रजीतलं काही येत नाही, आणि शिकायची हौसही नाही. मला यंदा त्यांचं हे फार मोलाचं वाटायला लागलंय.

तू फोनवर विचारलंस, सुट्टीत पोरांना शाळेत कशाला घालताय? कारण सुट्टी अमेरिकेची आहे, इथली नाही. जपानात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि पहिलं सत्र साधारण वीस जुलैला संपतं. म्हणजे आमची सुट्टी लागल्यावर इथल्या वर्गांना जवळजवळ महिना उरतो. परदेशात राहणाऱ्या जपानी पालकांची मुलं या काळात आजोळच्या सरकारी शाळेत येऊन बसतात. हा काही हक्क नव्हे. गावचं शिक्षण मंडळ आणि मुख्याध्यापक ठरवतील तसं. आपल्याला परवानगी मिळाली. फी नाही, फक्त जेवणाचे पैसे.

मात्र तयारी बघशील तर लग्नघर वाटेल. वर्गात घालायचे वेगळे बूट, ते ठेवायची वेगळी पिशवी, टोपी, पोहण्याचे कपडे. प्रत्येक वस्तूवर नाव, अगदी रंगीत पेन्सिलींवरसुद्धा. दप्तरं सासूबाईंनी शेजारून उसनी आणलीत. चौकोनी, टणक, पाठीला चामड्याची पेटी बांधल्यासारखी. नवी घ्यायची तर किंमत ऐकून तू मटकन बसशील. उद्या पहिला दिवस. मीराने मला रात्री दोनदा विचारलं, ‘बाथरूमला जायचं असेल तर कसं विचारायचं?’ मी म्हटलं, आजीला विचार.

तुझी,
सई


मात्सुयामा, ५ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सकाळी साडेसातला कोपऱ्यावरच्या देवळापाशी वाडीतली सगळी मुलं जमतात. सहावीतला एक मुलगा पुढे, पहिलीतली पिवळ्या टोप्यांची पोरं मध्ये, आणि अशी रांग चालत शाळेत जाते. पालक सोबत नाहीत. सिॲटलमध्ये मी केनला शंभर पावलांवरच्या बसथांब्यापर्यंतसुद्धा एकटा सोडत नाही, आणि इथे तो रस्ता ओलांडताना हात वर करून ऐटीत चालला होता. पहिल्या दिवशी मी लपतछपत मागे गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दारातच अडवलं.

रोज सकाळी पोरांचा ताप मोजून पोहण्याच्या कार्डावर लिहायचा आणि शिक्का मारायचा. शिक्का नसला तर पोर तलावाच्या काठावर बसून राहतं. यांच्या बहुतेक प्राथमिक शाळांना पोहण्याचा तलाव आहे, हे लिहिताना मला आपली नदीत उडी मारून शिकलेली पिढी आठवते. दुपारचं जेवण वर्गातच. पांढरे झगे आणि टोप्या घालून पाळीची मुलं वाढतात, सोबत दूध. जेवण झालं की झाडू-फडकी घेऊन मुलंच वर्ग साफ करतात. मीराला यातलं सगळ्यात काय आवडलं असेल? जिन्याची फरशी पुसणं! घरी ताटसुद्धा उचलत नाही.

भाषेचं म्हणशील तर केनचं पहिल्या आठवड्यात काही खरं नव्हतं. वर्गातल्या प्रत्येक पहिलीच्या पोराची मॉर्निंग ग्लोरीची एक कुंडी असते. मे महिन्यात बी पेरायचं, फुलं मोजायची, चित्र काढून दोन ओळी लिहायच्या. बाईंनी एक रोप केनसाठीही काढून दिलं. त्याला लिहायला काही सुचेना, तर शेजारच्या मुलीने त्याची वही ओढून स्वतःच लिहायला घेतलं. त्यावर हा एकदम ओरडला, आणि जपानीत ओरडला. बाईंनी मला हे इतक्या आनंदाने सांगितलं, जसं काही त्याने भाषण केलं.

मीराची अडचण वेगळी. ती बोलते, पण वाचताना अडखळते. इथे पहिलीला ८० चिनी अक्षरं, दुसरीला १६०, तिसरीला आणखी २००. सहावीपर्यंत एकूण १,०२६. सिॲटलच्या शनिवारच्या जपानी शाळेत हीच अक्षरं ती शिकते, पण पुढच्या शनिवारपर्यंत विसरते. इथे मात्र ती दुकानाच्या पाटीवर, दुधाच्या खोक्यावर, समोरच्या मुलाच्या शर्टावर सापडतात. काल ट्रॅममध्ये तिने एक पाटी वाचली आणि पुढच्या थांब्यापर्यंत गप्प बसून हसत होती.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. केनच्या वर्गात भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता आहे. आ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. डोळे मिटून ऐकलं तर बालवाडीतली आपली बाराखडीच, मधली काही अक्षरं गाळलेली. संस्कृत मंत्र शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंबरोबर वर्णांचा हा क्रम इकडे आला असं अभ्यासक सांगतात. पूर्वी ‘ह’च्या जागी उच्चार ‘प’चा होता म्हणे, म्हणून तो ‘न’ आणि ‘म’च्या मधे बसला. तू शाळेत इंग्रजी शिकवलंस, पण घरी आम्हाला क-ख-ग कसं घोकून घेतलंस! तोच क्रम नातू इथे दुसऱ्याच लिपीत घोकतोय.

आणि हो, हे हायकूचं गाव. हायकूकार मासाओका शिकी इथलाच, १८६७चा जन्म. ट्रॅमपासून किल्ल्यापर्यंत ठिकठिकाणी हायकूच्या पेट्या आहेत, कुणीही लिहून टाकावा. मराठीत हायकू आणणाऱ्या शिरीष पैंचं पुस्तक तू अजून उशाशी ठेवतेस, म्हणून मुद्दाम सांगते: मीराने बोटांवर पाच-सात-पाच मोजत एक लिहिला आणि किल्ल्यावरच्या पेटीत टाकला. विषय सांगत नाही. मला वाटतं आजीचं घोरणं असावं.

तुझी,
सई


मात्सुयामा, १४ जुलै

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

आईला मुद्दाम लिहीत नाहीये ते तुला लिहिते. तू रोज शाळेत पोरांत असतेस, तुला पटेल.

परवा शेजारच्या मुलाने आमच्याकडच्या दोघांत मिळून एक शिंगवाला भुंगा दिला. उन्हाळ्यात इथल्या पोरांना या भुंग्याचं वेड असतं. जाळीच्या डब्यात पाळतात. भुंगा एक, मालक दोन, तेव्हा पुढचं तूच समज. भांडण नेहमीसारखं इंग्रजीत सुरू झालं. सासूबाई समोर शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली; त्यांना कळतच नव्हतं कोण काय म्हणतंय. हे मीराच्या लक्षात आलं. न्यायाधीशाला खटला कळला नाही तर निकाल कसा लागणार? वाक्याच्या मध्यावर ती जपानीत वळली. झालं! आता केनला गप्प राहणं परवडणार नव्हतं. त्याने जमेल तेवढं जपानी गोळा केलं, अडखळला, रडला आणि हरला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रांगेतल्या मोठ्या मुलांकडून तो असे काही शब्द शिकून आला की हिरोशीचा चहा नाकात गेला. आता दोघंही आजीसमोर जपानीतच भांडतात. त्यातही बोली आजीची, या भागातली. शनिवारच्या शाळेतल्या बाई ती ऐकून कपाळाला हात लावतील.

इतकी वर्षं हिरोशी आणि मी नेमाने ‘एक माणूस, एक भाषा’ पाळतोय. हा नियम जुना. जूल रोंजा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी फ्रेंचच बोलायचं, जर्मन बायकोने जर्मनच बोलायचं असं ठरवलं आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून प्रत्येक दुभाषिक आईबापाला हाच मंत्र दिला जातो. पण ॲनिक द हाउवर या बेल्जियन बाईंनी फ्लांडर्समधल्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी केली, २००७ साली ती छापून आली. निदान एक पालक घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलतो अशी ही सगळी घरं. तरी जवळजवळ चौथ्या भागाच्या घरांतली मुलं ती दुसरी भाषा बोलत नव्हती. आईबाप बोलत होते, पोरं बोलत नव्हती.

मला त्याचं कारण आता या ओसरीवर बसून दिसतंय. मूल पक्कं हिशेबी असतं. समोरच्याला आपली सोपी भाषा कळते हे एकदा उमगलं की ते अवघड भाषेचे कष्ट घेत नाही, आणि घ्यावेत तरी का? हिरोशीला इंग्रजी येतं. मला येतं. मग आम्ही कितीही निष्ठेने आपापल्या भाषा बोललो तरी आम्ही फक्त ऐकवणारे. बोलायला लावते ती दुसरं काहीच न येणारी आजी, वर्गातली वही ओढणारी पोरगी, रांगेतला सहावीतला दादा.

तुला वाटेल मराठीचं काय? तीच तर गंमत. रविवारी आम्ही दोगो ओनसेन या गरम पाण्याच्या जुन्या स्नानगृहात गेलो. १८९४ची लाकडी तिमजली इमारत, बरीच वर्षं दुरुस्ती चालली होती, २०२४च्या जुलैत पूर्ण उघडली. बायकांच्या बाजूला गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून आम्ही दोघी बसलेलो. अंगावर कुणाच्याच काही नाही, सगळ्या वयाच्या बाया. मीराला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. जपानीत विचारलं तर सगळ्यांना कळणार. इंग्रजीचा भरवसा नाही, शेजारीच दोन प्रवासी मुली बसलेल्या. आणि मग ही पोरगी, जी मला सिॲटलमध्ये ‘आई’ या शब्दापलीकडे मराठीचा टिपूस देत नाही, ती माझ्या कानाशी येऊन स्वच्छ मराठीत म्हणाली, ‘आई, त्या आजी इतका वेळ पाण्यात बसल्यात, त्या शिजणार नाहीत का?’ तेव्हापासून दुकानात, ट्रॅममध्ये, सासूबाईंबद्दल तक्रार करायची तेव्हा, दोघांनाही मराठी येते. व्याकरण धेडगुजरी आहे, पण म्हणायचं ते पूर्ण म्हणतात. इतके दिवस सगळं आत साठत होतं, ते बाहेर यायला काही कारणच नव्हतं.

मला भ्रम नाही. सप्टेंबरमध्ये परत गेलो की काही आठवड्यांत घरातली भांडणं पुन्हा इंग्रजीत येतील, हे मी आधीच्या उन्हाळ्यांत बघितलंय. पण दर वेळी घसरून थांबण्याची पायरी आधीपेक्षा थोडी वर असते. मीरा गेल्या हिवाळ्यात आजीला आपणहून फोन लावून भात कसा धुवायचा ते विचारत होती. तेवढं पुरे.

आईच्या बाबतीत तुझी मदत हवीय. पुढच्या पत्रात तिलाच लिहिते. तू फक्त ती चिडली तर सांभाळ.

तुझी,
सई


मात्सुयामा, २७ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

शाळा संपली. केन मॉर्निंग ग्लोरीची कुंडी दोन्ही हातांत धरून रांगेबरोबर घरी आला. आता सुट्टीचा गृहपाठ आहे, आणि पहाटेची कवायत. साडेसहाला रेडिओवर व्यायाम लागतो, १९२८ साली सुरू झालेला. देवळाच्या अंगणात म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे हातपाय हलवतात आणि मुलांच्या कार्डावर शिक्का मिळतो. शिक्क्यासाठी केन मला उठवतो.

आता कामाचं. पुढच्या वर्षी इकडे नाही, वाईला येतो.

मे महिन्यात नाही. मेमध्ये तुमच्याकडे सुट्टी असते, आमच्या पोरांची शाळा चालू असते. हे गणित कधी जमलंच नाही. जमलं तरी सुट्टीत होतं काय? आंबे, महाबळेश्वर, आणि सगळे काका-मावश्या त्यांच्याशी हौसेने इंग्रजीत बोलतात. आम्ही जूनच्या शेवटी येणार. तुमच्या शाळा मध्यावर उघडलेल्या असतील. ताईच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोघांना काही आठवडे नुसतं बसू द्यायचं. पटावर नाव नको, प्रगतिपुस्तक नको. बाकावर जागा, दुपारची खिचडी सगळ्यांबरोबर, आणि छत्री हरवायची मुभा. पावसाळा असेल, चिखल असेल, मीराला डास चावतील. चालेल.

आणि आता तुझ्याकडे मागणं. निम्म्या वाईला तू इंग्रजी शिकवलंस. व्हिडिओवर केन तुला काही सांगायला लागला की तू असं झकास इंग्रजीत उत्तर देतेस की मला ऐकताना अभिमान वाटतो. ते बंद कर. त्यांच्यापुरतं तुला इंग्रजी येत नाही. ‘विसरले रे बाबा, वय झालं’ म्हण. बाबांनाही सांग, ते क्रिकेटचं समालोचन इंग्रजीत लावतात तेही महिनाभर मराठीत. केन आधी रुसेल, मीरा डोळे फिरवेल, एक-दोन दिवस घरात शांतता असेल आणि तुला वाटेल पोरांचे हाल चाललेत. सासूबाई हे दर वर्षी सोसतात, आणि त्यांना तर दुसरा मार्गच नाही. तुला आहे, म्हणून तुझं काम जास्त अवघड.

तू म्हणशील, नाटक दोन दिवसांत उघडं पडेल. पडू दे. तोवर त्यांनी तुझ्याशी चार भांडणं केलेली असतील.

ताई मुख्याध्यापकांशी बोलेलच, पण तू बरोबर गेलीस तर नाही म्हणायची त्यांची टाप नाही, तुझेच विद्यार्थी ते. विमानाची तिकिटं ऑक्टोबरात काढावी लागतील, तेव्हा गणपतीच्या आधी एकदा जाऊन या.

तुझी,
सई