धरण भरल्यावरचा दुष्काळ

मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात लातूरला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण भरलं. पुढच्या वर्षी एखादा विद्यार्थी ‘दुष्काळ संपला’ हे गृहीतक आणि प्रश्नावली घेऊन गावोगाव हिंडला असता, तर पाणी पुरतं असंच बहुतेकांनी सांगितलं असतं. आणि आमच्याकडच्या प्रबंधांचं लाडकं वाक्य शेवटी आलंच असतं : गृहीतक सिद्ध होते.

तत्त्वज्ञ रॉय भास्कर आठवतात ते इथे. वडील भारतीय, आई इंग्रज. गरीब देशांना अर्थशास्त्राचे सिद्धांत कितपत लागू पडतात, यावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहायला बसले. त्या सिद्धांतांचा जगाशी फारसा संबंधच नाही हे पाहून तत्त्वज्ञानाकडे वळले. १९७५ च्या ‘अ रिअलिस्ट थिअरी ऑफ सायन्स’मध्ये त्यांनी वास्तवाचे थर वेगळे केले : आपल्याला जाणवतं ते, प्रत्यक्ष घडतं ते, आणि ते घडवू शकणाऱ्या यंत्रणा. यंत्रणा शाबूत असूनही घटना घडत नाही, कारण दुसरं काहीतरी तिला अडवून धरतं. त्यांच्या चिकित्सक वास्तववादाचा जीव मला या एवढ्याशा मुद्द्यात दिसतो.

लातुरात टंचाईला अडवून धरणारी गोष्ट म्हणजे एक बरा पावसाळा. खाली सगळं तसंच. भरपूर पाणी पिणाऱ्या उसाचा दर सरकार आधी ठरवतं; तूर-सोयाबीनचा भाव आडतीवर गेल्यावर कळतो. ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, आणि ज्याच्याकडे पैसा त्याचा बोअर खोल. शेजाऱ्याचा आटला की तोही कर्ज काढून आणखी खाली जातो. यात कुणी वेडा नाही. ज्याचा त्याचा हिशोब बरोबरच आहे. ‘ऊस का लावता?’ या प्रश्नाला ‘पैसे होतात’ हेच उत्तर येणार. उसातच खात्रीने पैसे व्हावेत म्हणून काय काय जागेवर असावं लागतं, हे प्रश्नावलीत बसत नाही.

अर्थात ‘यंत्रणा’ हा शब्द ‘व्यवस्था’सारखा नुसता फेकताही येतो, मग प्रकरण पानभरात संपतं. तिचे सांधे दाखवावे लागतात : पीककर्ज, साखर कारखान्याच्या नोंदी, बोअरची खोली. आणि शेजारचं नांदेड पाहावं लागतं. ऊस तिथेही आहे, बोअर तिथेही. पण शहराच्या उशाशी गोदावरी आणि विष्णुपुरीचा बंधारा असल्याने रेल्वेची वेळ आली नाही. या फरकातलं नदीचं किती आणि माणसांनी ठरवलेलं किती, यावर एखाद्याने प्रबंध लिहिला तर मी तो पहिल्या पानापासून वाचीन.