एक किलोचा ट्रिगर

मे महिन्याच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो तेव्हा माझ्या रफ वहीच्या शेवटच्या पानावर एका पिस्तुलाचं चित्र होतं. पार्डिनी एसपी, इटलीचं, .२२ बोअर. (चित्र प्रेपच्या वेळेत काढलं होतं. सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) तीन वर्षं मी शाळेत १० मीटर एअर पिस्तूल चालवतोय. पुढच्या वर्षी २५ मीटरला उतरायचं ठरवलं होतं. म्हणजे छर्रा सोडून खऱ्या काडतुसावर यायचं.

सुट्टीच्या आधी बाहेरच्या एका स्पर्धेत २५ मीटरचा पहिला प्रयत्न झाला होता आणि तो चांगलाच फसला होता. घरी मी सांगितलं, "मागून घेतलेलं जुनं पिस्तूल होतं, म्हणून गुण गेले." बाबांनी मान हलवली. आजीने मात्र ते मनावर घेतलं.

आजीचं माहेर कोल्हापूर. रायपुरात पन्नास वर्षं काढली तरी तिची भाषा तिकडचीच आहे. २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. थायलंडच्या खेळाडूशी बरोबरी झाल्यावर जादा फैरी झाडून ती जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवसाचं कात्रण आजीच्या पोथीत आहे. ती म्हणाली, "कोल्हापूरच्या पोरीनं काय मागून आणलेल्या पिस्तुलावर सोनं मारलं व्हय? माझी एफडी जुलैला सुटतीय. काय लागतंय ते सांग."

मी गप्प बसलो. 'नको' म्हणालो नाही, हे इथे लिहायलाच हवं.

बाबा म्हणाले, आधी काकांना विचारू. काका म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, मूळचे साताऱ्याचे. गणेशोत्सवात मंडळात भेटतात. फौजेत असताना ते पिस्तूल नेमबाजी करायचे, आता शहराबाहेरच्या रेंजवर मुलांना शिकवतात. मेमध्ये रायपूरचा पारा ४४ च्या पुढे जातो, म्हणून त्यांनी सकाळी सहाला बोलावलं.

मी वही उघडून चित्र दाखवलं. काकांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "चित्र बरं आलंय. वय किती तुझं?"

"सतरा, काका."

"शस्त्राचा परवाना एकविसाव्या वर्षानंतर. त्याआधी कायदा तुला शिकण्यापुरतं पिस्तूल हातात देतो, तेही नियमात राहून. बाहेरून पिस्तूल मागवायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण लागतात, आयातीची परवानगी लागते. दुकानात जाऊन क्रिकेटची बॅट आणतात तसं हे नाही, बाळ." शेवटचं वाक्य बाबांकडे बघून होतं.

मग त्यांनी कपाटातून क्लबचं वॉल्थर जीएसपी काढलं. हे जर्मन मॉडेल १९६८ पासूनचं आहे. मॅगझीन काढून, चेंबर रिकामं असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, मग बाबांनाही. नळी वर धरून ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवलं आणि पिस्तूल हळूहळू उचललं. वजन जमिनीवरून उठलं तरी ट्रिगर सुटला नाही.

"एअर पिस्तुलाला किती असतो?"

"पाचशे ग्रॅम."

"इथे नियमाने कमीत कमी हजार. तुझ्या बोटाला हे कुणी सांगितलं होतं का?"

खरंच सांगितलं नव्हतं. त्या स्पर्धेत मी दुप्पट जड ट्रिगर एअर पिस्तुलाच्या सवयीने दाबत होतो. तो सुटेना, की घाईने ओढत होतो.

काकांनी पाठ फिरवून मॅगझीन भरलं. पाच गोळ्या, त्यात एक-दोन प्लॅस्टिकच्या नकली. कितव्या जागी त्या आहेत ते मला माहीत नाही. पहिल्या दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक' झालं आणि पिस्तुलाची नळी सरळ खाली गेली. आवाज नाही, धक्का नाही, तरी पिस्तूल हललं. हलवलं होतं मी. बाबा माझ्या मागेच उभे होते आणि त्यांनी ते पाहिलं. कान लाल होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

काका त्यावर काही बोलले नाहीत. त्यांनी माझी मूठ तपासली. जीएसपी आणि पार्डिनी दोन्हींचं मॅगझीन ट्रिगरच्या पुढे असतं. जीएसपी पुढून जास्त जड लागतं, ते हळू हलतं पण हात लवकर थकवतं. पार्डिनीची नळी मुठीच्या जवळ, खाली बसते, त्यामुळे गोळी सुटल्यावर तोंड कमी उचलतं आणि पुढच्या गोळीला लवकर जागेवर येतं. रॅपिडमध्ये लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर राहतं, तिथे याचा फायदा होतो. पण क्लबच्या पार्डिनीची लाकडी मूठ माझ्या हाताला मोठी होती, बोट ट्रिगरवर तिरकं पडत होतं. जीएसपीची मूठ जवळपास बसत होती. तळव्याच्या खाली थोडी पोकळी राहत होती, ती लाकडाच्या लांबीने भरता येते. महागडं पिस्तूल तिथेच होतं आणि माझ्या हाताला बसत नव्हतं!

मग काडतुसं. इथे माझा समज असा होता की .२२ म्हणजे .२२, जी मिळेल ती चालेल. काकांनी तीन प्रकारचे खोके मांडले. एक स्वस्त, तांब्याचा मुलामा दिलेल्या वेगवान गोळीचा. दुसरा एसके कंपनीचा साध्या वेगाचा. तिसरा एलीचा, स्पर्धेसाठीचा. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांच्या मालिका मारल्या. स्वस्त गोळ्या ४६ मिमीत पसरल्या, एसके २४ मध्ये, एली १९ मध्ये. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिमीचं असतं. म्हणजे एली आणि एसकेमधला ५ मिमीचा फरक ओळखायला हात तेवढा स्थिर हवा. माझी हाती धरून मारलेली मालिका चहाच्या बशीएवढी होती.

स्वस्त गोळ्यांनी दुसराही त्रास दिला. एक पुंगळी अडकली आणि एक गोळी सुटलीच नाही. काकांनी नळी लक्ष्याकडेच ठेवायला लावली आणि अर्धा मिनिट मोजलं. मग ती बाहेर काढून दाखवली. रिमफायरमध्ये ठिणगीचं मिश्रण पुंगळीच्या मध्यभागी नसतं, बुडाच्या कडेच्या आत गोल पसरलेलं असतं. पिन कडेवर आपटते. मिश्रण एखाद्या जागी कमी पडलं आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर 'टक'. याच कारणाने रिकाम्या चेंबरवर .२२ चा ट्रिगर दाबू नये, पिन धातूवर आपटते. सरावाला ती प्लॅस्टिकची नकली गोळी वापरायची.

वेगवान गोळी धक्का जास्त देते आणि २५ मीटरवर त्या वेगाचा काही उपयोग नाही. सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाणारी ४० ग्रेनची साधी शिशाची गोळी पिस्तूल नीट चालवते. लॉट नंबर मात्र एकच ठेवायचा, कारण एकाच कंपनीचे दोन लॉट वेगळे वागू शकतात. आपल्या उन्हाळ्यात गोळीवरचं मेणासारखं वंगण मऊ होतं, त्याला धूळ चिकटते. काका खोका कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतात. स्कूटरच्या डिकीत ठेवणाऱ्यांवर त्यांचा फार राग आहे.

साबणाने हात धुतल्याशिवाय त्यांनी पोहे-जिलबीला हात लावू दिला नाही. शिसं पोटात जातं म्हणून.

परत येताना बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. घर जवळ आल्यावर म्हणाले, "आजीला तू सांगणार की मी?"

मीच सांगितलं. पिस्तूल खराब नव्हतं, मी ट्रिगर ओढत होतो, हेही सांगितलं. आजीने विचारलं, "मग आता काय लागतंय?" मी म्हटलं, एसकेच्या गोळ्या, एकाच लॉटच्या, त्या रेंजच्या हिशोबातून तिथेच मिळतील. सहा नकली गोळ्या. आणि लाकडाची लांबी, अर्धा किलो.

लांबी तिने मालवीय रोडवरून स्वतः आणली, एक किलो. एफडी पुन्हा वर्षभरासाठी टाकली आहे. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी मी रेंजवर जीएसपीत नकली गोळी घालून पन्नास वेळा ट्रिगर दाबला. काका नळीवर पाच रुपयांचं नाणं ठेवायचे. शाळेत परत यायच्या दिवशी ते पन्नासात एकोणीस वेळा पडलं.