चिंबोरीचं बीळ

समुद्राला शेतात शिरताना कधी पाहिलंय? मी पाहिलंय.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. धरमतरच्या खाडीकाठी मातीचा लांबच लांब बांध. आत भातशेती, बाहेर खारं पाणी. चौथीत असताना मी बांधावर चिंबोऱ्या शोधत होतो. एका बिळातून पाणी आत झिरपत होतं. पण तो तुकडा पडला शेजारच्या गावाचा! 'त्यांचं ते बघतील,' म्हणून मी घरी बोललोच नाही. अमावास्येच्या उधाणाला तिथेच खांड पडली. सकाळी त्यांच्याबरोबर आमचीही खाचरं पाण्याखाली! भात तर गेलंच, पण मिठामुळे पुढची दोन वर्षं धड पीक आलं नाही. बाबा पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाऊ लागले.

आजोबा म्हणायचे, पूर्वी खांड पडली की सगळी गावं धावत. १९४८ साली खारभूमीचा कायदा आला, बांध सरकारी झाले, आणि धावणं थांबलं. सरकारनं बांध बांधावेत, पण बीळ दिसायला माणूस बांधावरच हवा ना?

आता मी रोहा तालुक्यात, नागोठण्याजवळ शिकवतो. वर्गात खांडीची गोष्ट सांगितली, तर मुलं म्हणाली, "गुरुजी, ते पेणवाल्यांचं. आपल्याला काय त्याचं?" मी फळ्यावर अंबा नदी काढली. पाली, नागोठणे, मग धरमतरची खाडी. नदीला पूर आणि खाडीला मोठी भरती एकदम आली, की पाणी उतरायला वाटच नाही. पूर मुलांनी पाहिलेला. वर्ग गप्प झाला.

त्यात पृथ्वी तापतेय. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली. कंपासपेटीतल्या पट्टीहून जास्त! तिकडे अलास्कात शिशमरेफ नावाचं छोटंसं बेटावरचं गाव आहे. लाटा अडवणारं बर्फ उशिरा गोठू लागलं, किनारा खचला. २०१६ साली गावानं मतदान करून दुसरीकडे जायचं ठरवलं, पण तेवढा पैसा आणायचा कुठून? एकट्या गावाचं हे काम नव्हेच.

"मग आपण खाडीवरच्या शाळेला पत्र लिहू या?" एक मुलगी म्हणाली. लिहिलं. आता आम्ही नदीचं पाणी कुठवर चढलं ते कळवतो. ते उधाणाचं कळवतात. त्यांच्या पहिल्या पत्रात प्रश्न होता, "तुमच्या गुरुजींच्या गावी खांड पडली कशी?"

वर्गात मी बिळाचं सांगितलं नव्हतं. घरीही नाही. बाबा हा अंक वाचतील.