आंब्याचं पासबुक

जुने वाडे, दांडिया बाजारातले गणपती, कमाटीबागेतली भेळ, यावर आपण बडोदेकर भरभरून लिहितो. आज एक अलीकडची गोष्ट सांगतो. माझ्या मोठेपणाची नाही, उलटीच आहे.

मी बी.कॉम. 36 वर्षं बँकेत काढली. झाडांशी संबंध म्हणजे पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणणे आणि वटपौर्णिमेला हिच्याबरोबर वडापर्यंत जाणे, एवढाच. रिटायर झाल्यावर घराजवळच्या एका गुजराती शाळेत शनिवारी गणित शिकवायला जाऊ लागलो. मुलं मला "दादा" म्हणत. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, पण पहिले दोन-चार दिवस मला उगाच तरुण झाल्यासारखं वाटलं!

एका वर्षी दिवाळीनंतर विज्ञानाच्या बाई लांब रजेवर गेल्या आणि सहावीचा ऋतूंचा धडा माझ्या गळ्यात पडला. पुस्तकात चित्र होतं : थंडी आली, पानं गळाली, झाड उघडं. मी तेच फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण दादा, आमच्या पिंपळाची पानं तर होळीला पडतात."

खरंच की! सत्तर वर्षं याच गावात राहून मी हे कधी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे पिंपळ उघडा होतो तो थंडी सरता सरता, फाल्गुनात. आणि पावसाची वाट न बघता, ऊन तापायला लागतं तेव्हाच तांबूस, लकाकणारी पालवी घेऊन उभा राहतो. कडुनिंबाचंही तसंच, म्हणून तर पाडव्याला कोवळा पाला मिळतो. साग मात्र वेगळा. तो उन्हाळाभर उघडा राहतो आणि पाऊस पडला की मोठमोठी पानं काढतो. चित्रातलं झाड बहुधा बर्फाच्या देशातलं असावं.

मग माझ्यातला बँकवाला जागा झाला. म्हटलं, प्रत्येकाने एक झाड धरायचं आणि त्याचं पासबुक ठेवायचं. दर शनिवारी नोंद. रकाने मी आखून दिले : कोवळी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, फळं. प्रत्येकात तीनच उत्तरं : नाही, थोडी, पुष्कळ. शेवटचा रकाना पक्षी-प्राण्यांचा.

मुलं अशी लागली म्हणता! डिसेंबरात शाळेने बस केली आणि डभोईजवळच्या वढवाणा तलावावर गेलो. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910 च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव 2021 मध्ये रामसर यादीत गेला. तिथे हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस बघितले. डोक्यामागे दोन काळे पट्टे, एकदा बघितले की विसरत नाहीत. विश्वामित्रीकाठी राहणारी मुलं मगरींची खबर आणत. थंडीत त्या काठावर ऊन खात पडतात. थंडी सरली की माद्या काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हे दरवर्षी चालतं आणि आपण पुलावरून स्कूटर हाकत जातो.

आता मूळ गोष्ट. एका मुलाकडे आंब्याचं झाड होतं. त्याचे वडील एका जुन्या बंगल्यावर चौकीदार, झाड त्याच कंपाउंडातलं. फेब्रुवारीत त्याने रकाने सोडून आडवं लिहिलं : "अर्ध्या झाडाला मोहर. अर्ध्याला नाही, तिथे लाल पानं."

मी आयुष्यभर खोट्या नोंदी पकडल्या. वाटलं, पोरगं झाडाकडे न जाता घरी बसून लिहितंय. एकच झाड, एकच माती, एकच पाणी. अर्ध्याला वसंत आणि अर्ध्याला नाही? लाल पेनाने फुली मारली, वर्गासमोर वाचून दाखवलं आणि म्हटलं, "बँकेत याला बोगस एंट्री म्हणतात." वर्ग हसला. तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका मित्राकडे वाघोडिया रोडला गेलो होतो. चहा पिताना त्यांच्या आंब्याकडे लक्ष गेलं. गच्चीकडची बाजू मोहराने पिवळसर, रस्त्याकडची बाजू कोवळ्या तांबड्या पानांनी लोंबलेली. अर्धं-अर्धं, अगदी तसंच. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे नेहमीचंच. गेल्या वर्षी ज्या फांद्यांनी आंबे दिले, त्या यंदा दमतात. त्या पानं काढतात, दुसऱ्या मोहरतात."

चहा तसाच राहिला. पोराची नोंद बरोबर होती, माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकानाच नव्हता. आणि झाड दहा मिनिटांच्या चालीवर असताना मी जाऊन बघितलं नव्हतं. व्हेरिफिकेशन न करता एंट्री रद्द करणं, हे माझ्या हाताखालच्या कोणी केलं असतं तर मी मेमो दिला असता.

संध्याकाळी त्या बंगल्यावर गेलो. वडील घाबरले, वाटलं तक्रार घेऊन आलोय. मुलगा दाराआड उभा. मी त्याचं पासबुक मागितलं, माझ्या लाल फुलीखाली लिहिलं, "नोंद बरोबर आहे. तपासणाऱ्याची चूक," आणि पूर्ण सही केली, तारखेसकट. शनिवारी हेच वर्गात वाचून दाखवीन, असंही सांगितलं. माफी कशी मागायची असते ते मला या वयातही नीट जमत नाही, सही जमते.

त्याने पासबुक उलटून बघितलं आणि विचारलं, "दादा, मधले तीन शनिवार कोरे आहेत. काय लिहू?"

"कोरेच ठेव," म्हटलं.

मग तो मला झाडाखाली घेऊन गेला. मोहर बराचसा झडला होता आणि वाटाण्याएवढे मरवे धरले होते. दुसऱ्या बाजूची पानं आता हिरवी व्हायला लागली होती. अंधार पडत आला होता, मला चष्म्यातून धड दिसेना. तो एकेका फांदीखाली उभा राहून मोजत होता, मी लिहून घेत होतो.